राखाडी पुठ्ठा

पडद्यावर भट्टीचे तोंड पांढरेफटक पडले होते आणि त्यामागे काहीच नव्हते.

रंगवालीने चित्र थांबवले. एक चौकट मागे नेली, एक पुढे. भिंत नव्हती, खांब नव्हते, माणसे नव्हती. ओल्या डांबरासारखा सलग काळा रंग होता आणि त्याच्या मधोमध एक पांढरे भोक. त्या भोकाच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, तिची आई उभी असायला हवी होती. हे दृश्य तिने स्वतः चित्रित केले होते. चार महिन्यांपूर्वी, आईच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, काचेच्या कारखान्यातल्या त्या जळत्या हवेत उभे राहून, भिंगाचे तोंड अर्ध्या अर्ध्या टिचकीने मिटत तिने प्रकाश असा बेतला होता, की भट्टी नुसती पांढरी पडू नये आणि अंधारातली माणसे बुडू नयेत.

स्टुडिओ दोन खोल्यांचा, बॅटऱ्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. गिऱ्हाइके आणणे दादाचे काम, चित्रांचे रंग जमवणे तिचे. म्हणून तिला सगळे रंगवालीच म्हणत. मूड चांगला असला की दादासुद्धा. गेले तीन दिवस ती आईला घेऊन डोळ्यांच्या रुग्णालयात रांगा धरत होती. तेवढ्यात कारखान्याच्या पन्नाशीची फिल्म दादाने एकट्याने उरकली होती.

"कसली दिसतेय, आँ?" दादा चहाचे दोन कप घेऊन आला. "एकदम सिनेमा! 'सोनेरी' नावाचा फिल्टर आहे. तयार मिळतो. ओढायचा आणि टाकायचा."

"कशावर टाकलास?"

"सगळ्यावर. एकदमच."

"आधी उजेड-अंधार न सांभाळता?"

"अगं, फिल्टरच करतो की सगळं. आणि तुझं ते मूळ चित्र कसलं फिकं होतं! आजारी माणसाच्या जिभेसारखं."

फिके होते, हे खरेच. त्या फिकेपणातच त्याचे मोल होते. कॅमेऱ्यातून चित्र असे पाण्यात भिजल्यासारखे येते, कारण त्याने दोन्ही टोकांना काही राखून ठेवलेले असते: अति उजेडातल्या रेषा आणि अति अंधारातले चेहरे. रंगवालीची रीत ठरलेली होती. आधी उजेड खाली आणायचा, भट्टीच्या तोंडात वितळत्या काचेची साय दिसू लागेपर्यंत. मग अंधार वर उचलायचा, पण बेताने, काळ्याचा काळेपणा न मोडता. फिल्टर सर्वांत शेवटी, तोही पाव ताकदीचा, श्वासाने काच धुरकटावी इतका पातळ. दादाने पहिल्याच पायरीला फिल्टर लादला होता, आणि पुऱ्या ताकदीने.

तिने शेजारचा आलेख उघडला. चित्रात काळे किती, पांढरे किती, हे त्यात डोंगरासारखे दिसते. इथे डोंगर नव्हताच. सगळी माती दोन्ही बाजूंच्या भिंतींना जाऊन चिकटली होती आणि मधली दरी ओसाड होती.

"हे बघ. इकडे चिकटलं ते सगळं काळं, तिकडे चिकटलं ते सगळं पांढरं. मधलं कुठं गेलं?"

"मग उचल ना अंधार. एवढी बटणं कशाला ठेवलीयत तुझ्यापुढे?"

तिने उचलला. काळ्याचे राखाडी झाले. आणखी उचलला. राखाडीचा चिखल झाला, त्यात रंगीत किडे वळवळू लागले. चेहरा उगवला नाही. मिटलेले उजळता येते. कापून टाकलेले नाही. ते कितीही उजळा, त्या जागी फक्त राख दिसते.

"मूळ डिस्क दे."

दादाने चहाचा घोट घेतला. फार मोठा घोट.

"डिस्क दे, दादा."

"कारखान्याने नेली. त्या टायवाल्याने." टायवाला म्हणजे कारखान्याचा प्रसिद्धी आणि कर्मचारी विभाग सांभाळणारा साहेब, उन्हाळ्यातसुद्धा त्याच्या गळ्याची गाठ सैल होत नसे. "मूळ चित्रीकरण त्यांच्या मालकीचं, असं ठरलंच होतं की."

"आणि कॅमेऱ्याची कार्डं?"

"पुढच्या शूटला लागणार होती. पुसली."

खालच्या दुकानात कुणीतरी बॅटरी आपटली आणि टेबल हलले. रंगवालीचा राग तोंडातून येत नसे; तो आधी बोटांच्या पेरांत उतरे, मग दातांत, आणि सगळ्यात शेवटी शब्दांत, थंड होऊन.

आईने त्या भट्टीवर सव्वीस वर्षे काढली होती. साच्यातून निघालेली, अजून लालबुंद असलेली बाटली लांब दांड्याच्या चिमट्याने उचलायची, सावकाश निववणाऱ्या दुसऱ्या भट्टीत नेऊन ठेवायची, परत वळायचे, पहिल्या भट्टीच्या तोंडाकडे बघायचे, पुढची बाटली. काळे चष्मे काच फुंकणाऱ्या पुरुषांना मिळत. उचलणाऱ्या बायकांना नाही. आता उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढूनही त्याला दिसत नव्हते, कारण मागचा पडदाच करपला होता. डावा वाचेल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. भट्टीवरच्या कामगारांसाठी रुग्णालयात वेगळा विभाग आहे, तिथे उपचार होतील. फक्त भट्टीवर काम केल्याचे कारखान्याचे पत्र आणा. पत्र आले, दोन ओळींचे. 'सदर कर्मचारी पॅकिंग विभागात कार्यरत होत्या. भट्टी विभागाशी त्यांचा संबंध नव्हता.' खाली टायवाल्याची सही. कागदोपत्री उचलणाऱ्या सगळ्याच बायका पॅकिंगमध्ये होत्या. भट्टीवर बाई आहे असे एकदा लिहिले, की तिला चष्मा द्यावा लागतो.

"फिल्टर कुणी निवडला?" रंगवालीने विचारले.

"कुणी म्हणजे? मीच. म्हणजे... टायवाला बसला होता शेजारी. तो म्हणाला, मागची गर्दी नको. भट्टी उठून दिसू दे, मागे अंधार हवा."

"मागची गर्दी."

"अगं, माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पत्र आईला तूच वाचून दाखवलंस ना? दोनदा. पहिल्यांदा तिला खरं वाटलं नाही म्हणून."

दादाने कप खाली ठेवला. त्याच्या मानेवर लाली चढत गेली.

"बरं, आलं डोक्यात. मग? पुढच्या वर्षाचं सगळं काम आपल्याला देतोय तो माणूस. या दोन खोल्या त्यावर चालणार आहेत, तुझ्या आलेखांवर नाही. आणि आई चार क्षण फिल्ममध्ये दिसली म्हणून तिचा डोळा परत येणार आहे का?"

"एक नाहीच येणार. तू दुसरा घालवतोयस."

"बघ, तू ना, उगाच..."

"भट्टीनं जाळलं तेवढं पुरे नव्हतं. तूही हात शेकून घेतलेस."

तिने आपला चहा उचलला. तो भिंतीवर फेकला नाही. मोरीपर्यंत चालत नेऊन ओतला, कप विसळला, पालथा घातला. फेकला असता तर राग तिथेच फुटून संपला असता, आणि तिला तो संपवायचा नव्हता. तिला तो जपायचा होता, न सांडता, न विझवता, आईने सव्वीस वर्षे लाल बाटल्या नेल्या तसा.

*

दुपारी आई खिडकीपाशी बसून धुतलेले कपडे घड्या करत होती. तिची बोटे शिवणीवरून कपडा ओळखत. रंगवालीने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. आईने चेहरा इतका जवळ नेला, की तिच्या श्वासाने पडदा ओलसर झाला. डावा डोळा बारीक करून ती बघत राहिली.

"हे काय आहे?"

"भट्टी."

"ही भट्टी?" आईचा आवाज चढला. "भट्टीच्या तोंडात असं मेलेलं पांढरं कधी असतं का गं? मधे पांढरं, त्याभोवती लोण्यासारखं पिवळं, मग नारिंगी, आणि अगदी कडेला एक निळी रेघ थरथरत असते. ती निळी आली की काच तयार. ती नाहीच, मग हे लोक फुंकतायत काय, कपाळ?"

रंगवालीला हसू आले, आणि हसू आल्याचा राग आला.

तेवढ्यात फिल्ममधून आवाज आला. ठक्. जरा थांबून, ठक्ठक्.

"हा माझा चिमटा," आई म्हणाली.

"कशावरून?"

"दोनदा आपटायची सवय फक्त मला. राख झटकायला. फोरमन ओरडायचा, काय गं, कुणाचं दार वाजवतेस?" तिने कान पडद्याला लावला. "आवाज आहे आणि माणूस नाही. भुताटकीच झाली की माझी." मग मान मागे घेऊन तिने विचारले, "दादानं केलं?"

"हो."

"चुकून?"

रंगवालीने पडद्यावरचे चित्र थांबवले. आईने हातातल्या टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"लहानपणी अंधाराला भ्यायचा तो," ती म्हणाली. "मी पाळीवरून येईपर्यंत दिवा मालवू द्यायचा नाही कुणाला." आणि टॉवेल बाजूला भिरकावून, "आणि तो पुठ्ठा कुठाय?"

"कसला पुठ्ठा?"

"राखाडी! मला हातात धरून उभं केलं नव्हतंस का, भट्टीपुढे? हलू नको, हलू नको करत. खांदे भरून आले होते माझे."

रंगवालीला आठवले. कुठलेही दृश्य घेण्याआधी उजेड मोजायचा, तर माणूस जिथे असणार तिथेच कुणालातरी राखाडी पुठ्ठा धरून उभे करायचे, आणि त्याच्यावर पडलेला प्रकाश थोडा वेळ टिपून ठेवायचा, ही तिची शिकाऊ दिवसांपासूनची सवय. असल्या चाचणीच्या तुकड्यांना फिल्ममध्ये जागा नसते. म्हणून ते ती दादाच्या कार्डांवर घेतच नसे. तिचे स्वतःचे एक जुने, छोटे कार्ड होते. त्या दिवशी फुंकणारे कामात होते आणि रिकामी होती ती फक्त आई.

कॅमेऱ्याच्या पिशवीचा बाजूचा कप्पा तिने उलटा केला. भिंग पुसायचे फडके, एक तुटकी क्लिप, दोन गोळ्यांचे कागद, आणि कार्ड.

चाळीस सेकंद. फिके, पाणचट, कुरूप, आणि अभंग. भट्टीच्या तोंडापुढे आई उभी होती, छातीशी राखाडी पुठ्ठा धरून, मुख्याध्यापकांपुढे पाटी घेऊन उभ्या केलेल्या मुलीसारखी. डोळ्यांवर काही नव्हते. ती डोळे किलकिले करून उजेड गिळत होती.

"लाव," आई म्हणाली. "रंग लाव. मी सांगते."

रंगवालीने उजेड खाली आणायला घेतला. पांढऱ्याच्या पोटातून पिवळे निघाले.

"अजून खाली. अजून. घाई करू नकोस, काच आहे ती." आईचे नाक पडद्याला टेकले होते. "हं. थांब. आली."

निळी रेघ आली होती, केसाएवढी, थरथरती. आईच्या डोळ्याच्या बाहुलीत ती जशी सव्वीस वर्षे उभी होती तशीच.

"आता अंधार," रंगवाली म्हणाली. "मागे कोण कोण होतं?"

"तुला काय दिसतंय?"

"एक उंच बाई, डोक्याला फडकं. एक बुटकी, हसतेय."

"बुटकी माझी जोडीदारीण. तिचा पुढचा दात पडलेला दिसतोय?"

"नाही."

"मग उचल. ती हसली की दाताची खिंड दिसायची अख्ख्या पाळीला."

तिने उचलला, रेघभर, मग आणखी अर्धी. खिंड दिसली.

"बास. आणि तो खांब काळाच राहू दे. काजळी होती त्याच्यावर, त्याला गोरा करू नकोस. उगाच आमचा कारखाना दवाखान्यासारखा दिसायचा."

शेवटी रंगवालीने दादाचाच 'सोनेरी' फिल्टर त्यावर ठेवला, पाव ताकदीने, आईचा चेहरा त्यातून वगळून. मग दादाच्या फिल्ममधले ते काळे दृश्य कापून त्या जागी हे चाळीस सेकंद बसवले. चिमट्याचा आवाज तसाच राहू दिला. बाकीची फिल्म दादाच्याच रंगात होती; तिच्यातून परत आणण्यासारखे काही उरले नव्हते.

"उद्याच डॉक्टरीणबाईंना दाखवू," ती म्हणाली.

"त्यांना कागद हवाय. व्हिडिओवर शिक्का कुठं असतो? शिक्का ज्याच्याकडे आहे त्याच्यासमोर लाव."

*

शनिवारी सकाळी अकराला कारखान्याच्या सभागृहात फिल्म दाखवायची होती. कामगार आले होते, निवृत्त झालेले आले होते, उचलणाऱ्या बायकांची तर एक रांगच होती. आई सगळ्यांत पुढे बसली होती. टायवाला दारात उभा राहून हात जोडत होता.

मागच्या टेबलावर दादा लॅपटॉपला तारा जोडत होता. रंगवालीने पेनड्राइव्ह त्याच्यापुढे ठेवला.

"यात माझी फिल्म आहे. तुझी तुझ्याकडे आहेच. माझ्यातही तुझाच फिल्टर आहे, फक्त त्याला जागा दाखवलीय."

"तिच्यात काय बदललंयस?"

"चाळीस सेकंद. आई आहे."

दादाने दाराकडे पाहिले, मग पेनड्राइव्हकडे. "तो आपल्याला पुन्हा उंबरा चढू देणार नाही."

"कुठली लावायची ती लाव. मी एक शब्द बोलणार नाही. फक्त आई पहिल्या रांगेत बसलीय, आणि हल्ली ती कानांनी बघते. तिचा चिमटा तिनं तुझ्याही फिल्ममध्ये ओळखला."

सभागृहाला सहा मोठ्या खिडक्या होत्या आणि सहाही उघड्या. एवढ्या उजेडात पडद्यावरचा अंधार विरघळून जातो. उंच बाई, जोडीदारीण, काजळीचा खांब, सगळे पुन्हा धुऊन निघाले असते. रंगवाली खिडक्यांचे पडदे ओढू लागली. एक. दोन. प्रत्येक कडी गंजलेल्या दांडीवरून किंचाळत सरकत होती. पाच झाले. सहावा वर कुठेतरी अडकला होता, आणि ती टाचा उंचावून त्याला हिसडे देत होती, जणू त्या जाड कापडानेच तिचे काही बिघडवले होते.

मागून एक हात आला. दादा उंच होता. त्याने कडी सोडवली, पडदा ओढला, आणि तिच्याकडे न बघता टेबलाकडे परत गेला. पडदा ओढल्याने काय भरून निघते?

फिल्म सुरू झाली. फाटक, चिमणी, संस्थापकांचा फोटो, टायवाल्याचे भाषण. सगळे सोनेरी, सगळे कडांना करपलेले. मग ठक्. जरा थांबून, ठक्ठक्.

आणि भट्टी उघडली. पांढरे, लोण्यासारखे पिवळे, नारिंगी, आणि कडेला ती निळी. सभागृहातल्या फुंकणाऱ्यांनी नकळत गाल फुगवले. भट्टीपुढे एक बाई उभी होती, छातीशी राखाडी पुठ्ठा, डोळे उघडे.

"अगं बाई, तो माझा दात!" मागच्या रांगेतून जोडीदारीण ओरडली. "म्हणजे, नाहीये तो!"

हशा पिकला. त्या हशातून आईने विचारले, "पुढे कोण उभं आहे गं?"

"कोण म्हणून काय विचारतेस? तूच की, चिमटेवाली!"

आई उठली. खुर्चीची पाठ धरून ती मघाशी टायवाल्याची खुर्ची वाजली होती त्या दिशेने वळली.

"साहेब, पॅकिंगमध्ये एवढा उजेड असतो का हो?"

हसू एकेका रांगेतून विझत गेले. टायवाल्याचा हात गळ्याच्या गाठीवर गेला.

"ताई, कार्यक्रमानंतर बोलू आपण. रीतसर अर्ज द्या."

"दिला होता. तुमच्या सहीचं उत्तर आलं. माझ्या पोरानं वाचून दाखवलं, दोनदा."

म्हातारा फोरमन कोपऱ्यातून उठला. "बायकांना चष्मे द्या म्हणून मी लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "तेही दोनदा." मग उंच बाई उठली. मग बुटकी. नुसत्या उभ्या राहिल्या, पडद्यावर उभ्या होत्या त्याच क्रमाने.

"फिल्म पुढे जाऊ द्या!" टायवाला टेबलाकडे बघून ओरडला.

चित्र हलले नाही. आई पुठ्ठा धरून तशीच उभी राहिली, भिंतीएवढी.

"अडकलीय," दादा म्हणाला.

ती अडकलेली नव्हती. रंगवालीला टेबलावरचे त्याचे बोट दिसत होते. त्या एका बोटासाठी तिला त्याला क्षमा करता आली असती तर बरे झाले असते. पण आतली बाटली अजून लाल होती, आणि निवायला घाई केली की काच तडकते, हे तिला आईनेच शिकवले होते.

"सोमवारी पत्र देतो," टायवाला म्हणाला.

"सोमवारी कशाला?" आई म्हणाली. "शिक्का तुमच्या टेबलावरच असतो, डाव्या हाताला, शाईच्या डबीशेजारी. येता-जाता बघायचे मी. तेव्हा दिसायचं."

टायवाला उभा राहिला. सगळे सभागृह त्याच्याकडे बघत होते. मग तो दाराकडे निघाला, आणि फोरमन त्याच्यामागोमाग, वाट चुकू नये अशा अंतराने.

दादा पुढे आला आणि खिडकीच्या पडद्याला त्याने हात घातला.

"राहू दे," रंगवाली म्हणाली. "कागद हातात येईपर्यंत अंधार राहू दे."